ब्रुअरीत मिश्रीचा वास

या सदरात लिहायची वेळ माझ्यावर येईल असं कुणी भाकीत केलं असतं, तर त्या माणसाला मी चहासुद्धा विचारला नसता. इथले अनुभव मी नेमानं वाचते, पण हसायला. पांढऱ्या साडीतली बाई, मागे वळून पाहिलं तर कुणीच नाही, सकाळी कळलं की तो माणूस वारलाय... दुपारच्या चहाबरोबर मी हे सुनेला मोठ्यानं वाचून दाखवते आणि आम्ही दोघी बिस्किटं बुडवत हसतो. देव मानते, तोही सणापुरता. भुताखेतांचं मात्र माझ्याकडे खातंच नाही.

तरुणपणी तर मी या बाबतीत अगदी असह्य होते. सांगलीची बी.एस्सी., केमिस्ट्री घेऊन. लग्न होऊन निपाणीला गेले ती जणू अख्ख्या गावाला अज्ञानातून बाहेर काढायला! आमच्या घरामागं तंबाखूची वखार होती आणि तिच्या कुंपणाशी एक चिंच. त्या चिंचेखाली भर दुपारी बाराला कुणी फिरकत नसे. मी गेले. आधी गल्लीभर जाहीर करून, सतरंजी घेऊन गेले. बायका खिडक्यांतून बघत होत्या आणि मी झाशीच्या राणीसारखी ताठ बसले होते. भूत आलं नाही. तांबड्या मुंग्या आल्या. साडीत शिरल्या. मग मी ज्या वेगानं, जे ओरडत घराकडं धावले, त्यावरून गल्लीनं काढायचा तो निष्कर्ष काढला. त्या चिंचेची कीर्ती पार चिकोडीपर्यंत गेली. विज्ञानाची एवढी सेवा माझ्या हातून झाली आहे.

तर अशी मी. आता वय पंचाहत्तरीच्या घरात, मुक्काम बेंगळुरू, एचएसआर लेआउट, मुलाच्या घरी. आणि जे सांगणार आहे ते जसं घडलं तसं सांगते... मीठमसाला लावायची सवय आहे मला, पण इथं नाही लावलाय.

माझी नात मुक्ता बिअर बनवते. हे वाक्य लिहायला मला इतकी मजा येते की परत लिहिते – माझी नात बिअर बनवते. पुण्याच्या नातेवाइकांना मी हे मुद्दाम फोनवर, त्यांच्या जेवणाच्या वेळेला सांगते. मुलीनं बायोटेक केलं, मग परदेशात जाऊन हेच शिकली, आणि गेली काही वर्षं आमच्या घरापासून रिक्षानं पाच-दहा मिनिटांवर एका ब्रुपबमध्ये, म्हणजे जिथं बिअर बनते तिथंच विकतात अशा हॉटेलात, ती मुख्य ब्रुअर आहे. वर हॉटेल, खाली काचेआड उंच उंच स्टीलच्या टाक्या – तळाशी निमुळत्या, भोवऱ्यासारख्या. संध्याकाळी आयटीतली मुलं गळ्यात कंपनीची पट्टी तशीच ठेवून येतात आणि त्या टाक्यांसमोर फोटो काढतात.

पण मुक्ता म्हणते, "आज्जी, बिअर काय, यीस्ट बनवतं. मी फक्त भांडी घासते." आणि ते खरंच आहे. मी बघितलंय ना! एक टाकी रिकामी झाली की आधी गरम कॉस्टिकचं पाणी पंपानं आतून गरागरा फिरवायचं, मग साधं पाणी, मग ॲसिड, मग जंतू मारायचं औषध. त्याशिवाय पाइप जिथं जिथं जोडलेत तिथले क्लॅम्प सोडायचे, आतली रबरी चकती काढायची, ब्रशनं घासायची, परत लावायची. कुठं नखाएवढी घाण राहिली की त्यात जंतू घर करतात, आणि टाकीभर बिअर आंबून जाते. आंबून म्हणजे – दह्याचं पाणी प्यायल्यासारखी.

हे घासण्याचं काम मुक्ता आणि सिद्धप्पा मिळून करतात. सिद्धप्पा चिकोडीकडचा. पन्नाशीचा, मिशीवाला, अर्धं मराठी अर्धं कन्नड बोलणारा. पूर्वी दूधसंघात होता, त्यामुळं स्टील चकचकीत ठेवणं त्याच्या हाडात आहे. मुक्ता त्याला अण्णा म्हणते. तो तिला मॅडम म्हणतो, पण बोलतो लेकीशी बोलावं तसं – "मॅडम, स्वल्प खाऊन घ्या आधी, टाकी कुठं पळून चाललीय?"

गेल्या दसऱ्याला तिथं आयुधपूजा झाली. इथं ती फार जोरात असते. रिक्षा, बस, लिफ्ट, लॅपटॉप – ज्याच्यावर पोट चालतं त्याला हळदकुंकू. ब्रुअरीतही टाक्यांना गंधाचे पट्टे ओढले, झेंडूच्या माळा घातल्या, दारात कोहळा फोडला. मी चुरमुरे आणि केळं खात एका खुर्चीवर बसले होते. शेवटी सिद्धप्पानं खिशातून काळा दोरा काढला, त्यात लिंबू-मिरची ओवली, आणि मुख्य पाइपावर एका क्लॅम्पला पक्की गाठ मारून बांधली. म्हणाला, "बाईमाणूस मोठ्या जागेवर बसलंय. चार लोकांची नजर असती. अज्जी, बरोबर का नाही?"

मी म्हटलं, "अरे, नजर लिंबाला लागून लिंबू आंबेल, एवढंच."

तो हसला. मुक्तानं मात्र हात जोडले. माझी नात, बायोटेकवाली! मी तिच्याकडे बघितलं तर म्हणाली, "असू दे गं, अण्णांनी किती प्रेमानं बांधलंय."

त्यानंतर दिवाळी आली, आणि बिअर आंबायला लागली.

पहिल्या खेपेला कुणी मनावर घेतलं नाही. होतं कधीकधी. दुसरीही आंबली. मग मुक्तानं यीस्ट बदललं, पाणी तपासायला पाठवलं, टाक्यांच्या सगळ्या चकत्या नव्या आणल्या, धान्याची गोणी न् गोणी उघडून पाहिली. पुढची खेप – तीही गेली. ती ओतून द्यायची होती त्या दिवशी मी योगायोगानं तिथं होते. टाकीचा खालचा व्हॉल्व्ह उघडला आणि फेसाळ सोनेरी बिअर गटाराच्या जाळीतून खाली जायला लागली... खूप वेळ जात राहिली. मुक्ता गमबूट घालून त्या फेसात उभी होती. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

हॉटेलचा मालक कार्तिक – भला मुलगा आहे, बेंगळुरूचाच – त्या दिवशी खाली आला आणि माझ्यासमोरच म्हणाला, "मुक्ता, वन मोअर बॅच. हीपण गेली तर मला बाहेरून कुणीतरी आणावं लागेल. तू असिस्ट कर त्याला. डोन्ट टेक इट पर्सनली, यार."

पर्सनली घेऊ नको म्हणे! जी जागा मिळवायला पोरीनं इतकी वर्षं घातली, तिथं आता दुसरा कुणी येणार आणि हिनं त्याच्या हाताखाली नळ्या धरायच्या. घरी आल्यावर मुक्ता म्हणाली, "आज्जी, आणखी काय धुवू ते तरी सांग. धुवायचं काही उरलंच नाहीये." आणि न जेवता झोपली.

आता माझ्या नाकाबद्दल सांगायला हवं, कारण सगळा प्रकार नाकाशीच येऊन थांबतो. करोनात माझा वास गेला. बहुतेकांचा परत आला, माझा नाही आला. काही म्हणता काही कळत नाही. दूध करपलं तरी मी शेजारी बसून शब्दकोडं सोडवत असते. सुनेनं हिंगाची डबी नाकाला लावून बघितली, अमृतांजन लावून बघितलं, एकदा चिडून फिनेलची बाटली उघडून धरली – शून्य. डॉक्टर म्हणाले, आता या वयात आशा नको. मी म्हटलं, ठीक आहे, बेंगळुरूच्या गटारांवरून जाताना फायदाच आहे.

संक्रांतीच्या जवळपासची गोष्ट. शेवटच्या खेपेच्या आधीची साफसफाई चालू होती. मुक्ता सकाळी उपाशीच गेली म्हणून मी डब्यात गुळपोळ्या आणि तूप घेऊन रिक्षानं तिथं गेले. सकाळचे दहा वाजले असतील. काचेतून छान ऊन आत आलं होतं, पंप घुमत होता, फरशी ओली होती. सिद्धप्पानं मला खुर्ची दिली. "अज्जी, हालू नका, पाय घसरतोय." मुक्ता शिडीवर चढून टाकीत टॉर्च मारत होती. मी डबा मांडीवर धरून बसले.

आणि मला वास आला.

मला! आधी कळेचना की हे काय होतंय. एवढ्या वर्षांनी कुणीतरी बंद खोलीचं दार उघडावं तसं झालं. मी लगेच डबा उघडून गुळपोळी नाकाला लावली – काही नाही. तूप – काही नाही. शेजारी त्या जंतुनाशकाचं कॅन होतं, मुक्ता म्हणते त्याला व्हिनेगरसारखा झोंबरा वास असतो. त्यावर वाकले – काही नाही. पण ताठ बसले की पुन्हा तो वास. एकच. दुसरा कुठलाही नाही.

मिश्रीचा वास.

हल्लीच्या वाचकांसाठी सांगते. तव्यावर तंबाखू काळी पडेपर्यंत भाजायची आणि तिची पूड करायची – ती मिश्री. आमच्याकडच्या बायका ती दाताला लावायच्या. भाजताना सगळी गल्ली खोकायची. आणि माझ्या आयुष्यात मिश्री लावणारं माणूस एकच होतं – माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. जाऊन त्यांना पुष्कळ वर्षं झाली.

आत्याबाईंचं एक होतं. घासलेलं भांडं डोळ्यांनी बघायच्या नाहीत. नाकाला लावायच्या. पातेलं, तांब्या, ताकाचं मडकं – आत तोंड घालून एक दीर्घ श्वास. पसंत पडलं तर फळीवर उपडं. नाही पडलं तर एक शब्द न बोलता त्यात काठोकाठ पाणी भरून माझ्या पुढ्यात ठेवायच्या. म्हणजे – परत. आणि मी, बी.एस्सी. केमिस्ट्री, काय केलं असेल? कॉलेजातल्या मैत्रिणीकडून लिटमस पेपर मागवला! भांड्यात बुडवला, त्यांच्या नाकासमोर नाचवला, आणि स्वयंपाकघरात उभं राहून भाषण ठोकलं – की बघा, न ॲसिड न अल्कली, शास्त्रानुसार हे भांडं स्वच्छ आहे. आत्याबाईंनी माझ्या हातातून तो कागद घेतला, कागदाचा वास घेतला, चुलीत टाकला, आणि भांडं पाणी भरून पुढ्यात ठेवलं. आजही ते आठवलं की मला माझ्याच त्या दोन वेण्यांना धरून ओढावंसं वाटतं.

तर तो वास. खांद्यामागून यायचा तसा... अगदी तसाच. त्या मागे येऊन उभ्या राहिल्या की त्यांच्या आधी त्यांची मिश्री यायची.

मी घाबरले का? खरं सांगते, नाही. मला राग आला. म्हटलं, एवढ्या वर्षांनी नाक उघडलं तर त्यात पहिल्यांदा सासूच!

मी उठले. सिद्धप्पा ओरडला, "अज्जी, बसा!" मी त्याला हातानं गप्प केलं. दोन पावलं डावीकडे गेले, वास विरळ झाला. उजवीकडे आले, दाट. लहान मुलं लपवालपवीत 'जवळ, जवळ, लांब' खेळतात ना, तसं मी त्या ओल्या फरशीवर काठी टेकत खेळत होते. टाक्यांपाशी गेले – काही नाही. धान्य उकळायच्या मोठ्या भांड्यापाशी – नाही. मग भिंतीकडेनं जाणाऱ्या मुख्य पाइपाच्या बाजूनं... आणि एके ठिकाणी वास इतका वाढला की मला ठसका लागला.

समोर तो काळा दोरा होता. लिंबू-मिरची केव्हाच काढून टाकलेली, पण दोरा तसाच, आणि क्लॅम्पवर सुकलेलं कुंकू. ती जागा अशी – पुढे कधी आणखी एक टाकी बसवायची झाली तर, म्हणून मुख्य पाइपाला एक वीतभर फाटा काढून ठेवलेला होता, आणि त्याच्या तोंडावर टोपी बसवून क्लॅम्पनं बंद केलं होतं. गरम बिअर थंड होऊन सगळ्या टाक्यांकडे जाते ती याच पाइपातून, या फाट्याच्या तोंडासमोरून.

आणि खाली फरशीवर, बरोबर त्या फाट्याखाली, स्टीलचा एक जग ठेवलेला होता. पाण्यानं काठोकाठ भरलेला.

तिथं मात्र माझ्या काठीची मूठ घामानं ओली झाली, हे कबूल करते.

"हा जग इथं कुणी ठेवला?" मी विचारलं.

"मी नाही," मुक्ता शिडीवरून उतरत म्हणाली. "अण्णा, जग खाली? फरशीवर?"

"छे छे! मी सगळे जग हुकाला लावतोय की, मॅडम. नोडी, बघा तिकडं." खरंच, एक हूक रिकामा होता.

तो जग नंतर मी खूप दिवस डोक्यात घोळवला. ठेवला असेल कुणीतरी. ओल्या जागेत पाणी भरलेला जग ही काही जगावेगळी गोष्ट नाही, आणि कामात माणूस विसरतं. जग मी सोडून देते. पण वास?

मी म्हटलं, "मुक्ता, हे उघड."

मुक्ता बघतच राहिली. "आज्जी, तो बंद आहे. तिथून काहीच जात नाही."

"सगळं उघडून घासलंस म्हणालीस ना? हे उघडलंस?"

तिनं सिद्धप्पाकडे बघितलं. सिद्धप्पा फरशीकडे बघत होता. आणि मला एकदम सगळं दिसलं. दसऱ्यापासून या दोघांनी तिथली प्रत्येक चकती काढली होती, प्रत्येक क्लॅम्प सोडला होता, आणि दर वेळी या एका क्लॅम्पशी आल्यावर बाजूनं वळसा घालून पुढे गेले होते. क्लॅम्प सोडायचा तर दोरा तोडावा लागणार. बांधलेला दोरा पुढच्या दसऱ्यापर्यंत कोण तोडणार?

"मला वाटलं अण्णा करतात तो..." मुक्ता हळूच म्हणाली. मग तिलाच ते पटलं नाही. "नाही. खोटं नको बोलायला. मी बघायचे आणि पुढे जायचे. माझं सगळं नीट व्हावं म्हणून बांधलाय, तो मीच कसा तोडू?"

"तोडायचा नसतोय, अज्जी," सिद्धप्पा म्हणाला. "आधीच एवढं बिघडलंय. त्यात दोरा तोडला, म्हणजे..."

"अण्णा, आतून गरम कॉस्टिक फिरतं ते फाट्यात शिरतच नाही," मुक्ता आता भराभर बोलायला लागली, "पुढून निघून जातं. आत जे साठलंय ते साठलेलंच राहतं. हे हातानंच..."

"ते तुमचं सगळं बरोबर असंल, मॅडम. पण दोरा मी नाही तोडणार. तुमच्या वाईटाला मी हातभार लावणार नाही."

पोरीच्या भल्यासाठी अडून बसला होता बिचारा, आणि तिचं भलं त्या टोपीआड कुजत होतं. मुक्ता पाना घेऊन पुढे झाली तर हा पाइपासमोर उभा! ती त्याला ढकलणार थोडीच? माझ्याकडे तरी शास्त्रातलं काय शिल्लक होतं? लिटमस पेपर?

मग मी आयुष्यात कधी म्हणेन असं वाटलं नव्हतं ते म्हटलं. काठी आपटून, निपाणीच्या ठसक्यात.

"सिद्धप्पा, बाजूला हो. माझ्या सासूनं सांगितलंय."

"कोण सासू?" तो दचकला.

"माझी. वारलेली. आत्ता इथं माझ्या मागं उभी आहे आणि हे भांडं परत घासा म्हणतीय."

सिद्धप्पानं माझ्या खांद्यामागं बघितलं. मग डोक्यावरची टोपी काढली.

"मग हे आधी नाही का सांगायचं, अज्जी!" असं म्हणून त्यानं पाइपाला हात जोडले, पुटपुटत काहीतरी म्हटलं, आणि दोरा स्वतःच्या हातानं तोडून कपाळाला लावून खिशात टाकला. "सरी, ठीक हाय. आता सोडा मॅडम क्लॅम्प."

मुक्ता माझ्याकडे अशी बघत होती की हिला आता डॉक्टरकडे न्यावं की पाया पडावं. एक इथं नीट लक्षात घ्या, मंडळी – मी सासू म्हटलं. वासाबद्दल मी तोपर्यंत कुणाला चकार शब्द बोलले नव्हते. मिश्री हा शब्द तर तोंडातूनही निघाला नव्हता.

मुक्तानं पंप थांबवला. पाइप रिकामा केला. क्लॅम्प सोडला. फाट्याची टोपी निघत नव्हती, पान्यानं हलकेच ठोकल्यावर निघाली.

आत जे होतं त्याचं वर्णन जेवणाच्या आसपास वाचू नका. शेंबडासारखा पिवळट, जाड, चिकट गोळा – फाट्याच्या आतल्या भिंतीला बिलगून बसलेला. दर खेपेला नवी गोड बिअर समोरून गेली की त्यातला थोडा तिच्यात मिसळणार आणि तिला आंबवणार. टाक्या लाख धुवा!

मुक्ता गुडघ्यांवर बसली, टॉर्च मारला, आणि नाक आत घातलं. तिचं नाक म्हणजे तिच्या धंद्याचं हत्यार आहे. दहा पेले ओळीनं मांडा, ती कशात काय बिघडलंय ते सांगेल. दीर्घ श्वास घेतला. मग मान वर करून म्हणाली,

"आंबट तर आहेच... पण आणखी काहीतरी आहे. जळकं. तंबाखू भाजल्यासारखं. विचित्रच आहे, अण्णा, बघा जरा."

सिद्धप्पा वाकला. वास घेतला. तसाच वाकलेला राहिला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, "मॅडम, ही मिश्री हाय. माझी आई लावायची."

मी खुर्चीवर जाऊन बसले आणि एक पूर्ण गुळपोळी खाल्ली. दुसरं काय करणार?

मग त्या दोघांनी तो फाटा घासला. आधी लांब ब्रशनं, मग बोटाला फडकं गुंडाळून, कॉस्टिक, पाणी, परत कॉस्टिक. मी काठी घेऊन उभी, आणि सारखी म्हणत होते, "परत." सिद्धप्पा म्हणाला, "अज्जी, आता स्टील झिजंल!" मी म्हटलं, "झिजू दे." शेवटी मी जवळ जाऊन श्वास घेतला. वास नव्हता. मिश्रीचा नव्हता, कशाचाच नव्हता. नाक पुन्हा ठार. मी म्हटलं, "बसवा." त्याच दुपारी मुक्तानं कटरवाल्याला बोलावून तो फाटाच मुळातून कापून टाकायला लावला, आणि पाइप सरळ करून घेतला.

मग ती खेप लागली. बिअर म्हणजे वाट बघणं. मुक्ता रोज नमुना काढायची, जिभेवर ठेवायची, आणि घरी येऊन काही बोलायची नाही. मीही विचारायची नाही. पण जेवायला लागली होती, त्यावरून मी काय ते समजत होते.

ज्या दिवशी कार्तिक चव घ्यायला येणार होता त्या दिवशी मी नऊवारीसारखी जड सिल्कची साडी नेसून गेले. सुनेनं विचारलं, लग्न आहे का कुणाचं? म्हटलं, आहे असं समज.

कार्तिक आला तो चेहरा पाडूनच. त्यानं आधीच कुणाशी तरी बोलणं करून ठेवलं होतं म्हणे. मुक्तानं टाकीचा छोटा नळ जंतू मरावेत म्हणून पेटवलेल्या बर्नरनं शेकला, थोडी बिअर आधी वाहू दिली, मग पेला भरला. सोनेरी, वर दोन बोटं फेस. कार्तिकनं उजेडात धरून बघितला. वास घेतला. एक लहान घोट घेतला, अगदी कडू औषध घेतात तसा बिचकत.

मग दुसरा घोट. मोठा.

सिद्धप्पा माझ्या शेजारी श्वास रोखून उभा.

कार्तिकनं पेला रिकामा केला आणि मुक्तापुढे परत धरला. तिनं भरला. तोही अर्धा संपवून तो म्हणाला, "आयतु, ठरलं. नो न्यू ब्रुअर. मी आत्ताच फोन करून सांगतो त्याला." आणि फोन लावायला खरंच बाहेर पळाला. सिद्धप्पानं दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की वर हॉटेलातल्या पोरांनी खाली डोकावून बघितलं. मुक्तानं आधी मला मिठी मारली, मग सिद्धप्पाला, मग टाकीला. टाकी थंडगार होती, तिला गाल लावून ती कितीतरी वेळ हसत होती.

मीही पेला घेतला. नाक नाही, त्यामुळं मला ती थंड आणि कडू, काढ्यासारखी लागली. पण मी सगळी प्यायले, आणि पुण्याला फोन करून सांगितलंसुद्धा.

आता स्पष्टीकरणाचं. मुक्ता म्हणते, काही रानटी यीस्ट असतात, त्यांच्यामुळं बिअरला जळकट, धुरकट वास येऊ शकतो. म्हणजे तिला आणि सिद्धप्पाला जे आलं त्याचं काहीतरी कारण सापडतं. ठीक. पण टोपी घट्ट बंद असताना तो वास मला आला कसा, त्या दोघांना तेव्हा का नाही आला? आणि ज्या नाकाला फिनेल कळत नाही त्याला तो कळलाच कसा? मी पुन्हा डॉक्टरांकडे गेले. त्यांनी लवंग, कॉफी, कापूर सगळं लावून बघितलं – काही नाही. सगळं सांगितल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि मला बीपी विचारला. सिद्धप्पाला स्पष्टीकरणाची गरजच वाटत नाही, तो भेटला की फक्त विचारतो, "अज्जी, घरी सगळे बरे?" आणि हळूच माझ्या मागं बघतो.

कार्तिकला मुक्तानं एवढंच सांगितलं की आज्जीनं वासावरून शोधलं. तेव्हापासून तो मला दर महिन्याला गाडी पाठवतो, साफसफाई झाली की टाक्या तपासायला. मी त्याला पहिल्याच दिवशी खरं सांगून टाकलं – बाबा, मला वास येत नाही. तो खो खो हसला. म्हणाला, "आंटी, यू आर टू मॉडेस्ट!" मग मीही जाते. सगळे रांगेत उभे राहतात, मी एकेका टाकीशी थांबते, डोळे मिटून मोठा श्वास घेते – आणि काही म्हणजे काही येत नाही. मान हलवते. सगळे सुटकेचा श्वास टाकतात. तेव्हापासून एकही खेप आंबलेली नाही.

का आंबलेली नाही ते मला माहीत आहे – तो फाटा गेला, आणि मी येणार म्हणून सगळे चोपून घासतात. त्या दिवशी काय झालं ते मात्र आजही नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर कळवा. फक्त 'मनाचे खेळ' असं लिहू नका – ते उत्तर मी स्वतः लोकांना इतकी वर्षं, इतक्या ऐटीत दिलंय की मला त्यातलं भोक न भोक पाठ आहे.